रक्त आमचं, पेपर तुमचा

दोस्तांनो, शिव्या नंतर देतो. आधी कबुली.

काही वर्षांपूर्वी मी थर्माकोलची पेटी खांद्याला अडकवून तलासरीकडचे पाडे तुडवत होतो. पेटीत बर्फ, बर्फात नळ्या, नळ्यांत वारल्यांचं रक्त. एका बड्या संस्थेच्या प्रकल्पावर मी सहायक होतो. एका ओट्यावर एक म्हातारी बसलेली. तिच्यापुढं मी चार पानी संमतीपत्र धरलं. मराठीतच होतं, पण कसली मराठी! ‘जनुकीय बहुरूपतेच्या विश्लेषणार्थ’. हे माझ्या आईला कळलं नसतं, त्या म्हातारीला काय कळणार? मी म्हटलं, आजी, इथं अंगठा लावा. तिनं लावला. शाई लुगड्याला पुसली. मग हात पुढं केला. नळी भरत आली तशी ती म्हणाली, ‘‘पोरा, रक्तात काय निघालं ते सांगायला कधी येशील?’’

मी म्हटलं, दोन महिन्यांत येतो, आजी.

गेलो नाही. आजतागायत गेलो नाही.

पेपर मात्र छापून आला. परदेशी जर्नलात. वर अकरा नावं. माझं नाव शेवटाला, ऋणनिर्देशात, जीपच्या ड्रायव्हरच्या नावाशेजारी. (ड्रायव्हरबद्दल तक्रार नाही. त्यानं माझ्याइतकंच काम केलं, आणि कुणाला खोटा वायदा केला नाही.) म्हातारीचं नाव कुठंच नाही. ती एक नमुना क्रमांक.

एकलव्याची गोष्ट आपण भाषणांत इतकी वापरली की तिची धार गेली. तरी ती मला चावते, कारण या गोष्टीत मी एकलव्य नव्हतोच. मी द्रोणाचा माणूस होतो. शाईचा पॅड माझ्याच हातात होता.

मी मसोलीत वाढलो. बाप रेल्वेत गँगमन. पोटाला चिमटा घेऊन त्यानं मला शिकवलं. डहाणू ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथून सगळं बाहेर जातं. कोळसा इथं जळतो, वीज मुंबईला. सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारला. चिकू बाजाराला. वारली चित्र तर चादरीवर, कपावर, हॉटेलाच्या भिंतीवर, नको तिथं पोचलं. आता लॅबमध्ये संगणकापुढं बसलेलं वारली पोर दाखवा मला! १९४५ साली इथल्या वारल्यांनी गोदूताई आणि शामराव परुळेकरांबरोबर लाल बावट्याखाली उभं राहून वेठ मोडली. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं बंद केलं, त्यासाठी गोळ्या खाल्ल्या. ही नवी वेठ कुणाला दिसत नाही, कारण ती गवत कापायला लावत नाही. नुसता हात पुढं करायला लावते.

विषय काय, तर सिकलसेल. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्यातला एक भाग कसा बनवायचा याची कृती अकराव्या गुणसूत्रावर एचबीबी नावाच्या जीनमध्ये लिहिलेली आहे. लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द. एका ठिकाणी ‘जीएजी’ असायला हवं तिथं ‘जीटीजी’ होतं. एका अक्षराचा फरक. तेवढ्यानं गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, हाडांत कळा उठतात, पोरं रात्र रात्र ओरडतात. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक पोराला चारात एक धोका. नुसत्या वाहकाला सहसा काही होत नाही, उलट मलेरियापासून थोडा बचाव होतो. म्हणून जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं हे अक्षर टिकलं.

भारतात हे पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत दिसलं. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये नागपूरकडची माहिती छापून आली. त्यात निघालं की महारांत हे भरपूर आहे. म्हणजे हे फक्त जंगलातलं दुखणं नव्हे, तुमच्या-माझ्या घरातलं आहे. गंमत बघा. १९२७ साली महाडला आमची ओंजळ तळ्याला लागली तर तळं बाटलं, शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध करावं लागलं. एकतीस वर्षांनी आमचं रक्त थेट काचपट्टीवर, भिंगाखाली. पाणी बाटतं, संशोधन बाटत नाही!

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत रोग संपवायचा. मी तपासणीच्या विरोधात नाही. ज्या घरात पोरगं कळांनी तडफडतं त्या घराला तपासणी नको म्हणणारा माणूस नालायक. हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळालं तर खूप फरक पडतो. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात सिकलसेल आहे, तो दाखला काढायलाही तपासणीच लागते. माझं भांडण दुसरं आहे. सात कोटी बोटं टोचली जाणार. त्यातून जे आकडे उभे राहतील ते वाचणार कोण? पोरीच्या हातात ‘वाहक’ लिहिलेलं कार्ड पडलं आणि जमलेली सोयरीक फिसकटली, तर ‘चारात एक’ म्हणजे काय आणि काय नाही, हे तिच्या आईला तिच्या बोलीत कोण सांगणार? मुंबईहून जीपनं आलेला साहेब? तो सांगेल, पण त्याला पाचच्या आत परत निघायचं असतं.

आता ‘मार्गदर्शन’ या शब्दाकडं येतो. फार सोवळा शब्द. संस्थांच्या पत्रकात असतो. खरं मार्गदर्शन वेळापत्रकात नसतं, ते संध्याकाळी सहानंतर चालतं. साहेबांच्या केबिनमध्ये, चहावर. कुठलं जर्नल कशासाठी बरं, परदेशातल्या कुणाला ई-मेल टाकायची, प्रोग्रॅम अडला तर आधी कुठल्या ओळीत बघायचं, प्रश्न कसा विचारायचा आणि विचारताना मान ताठ कशी ठेवायची. हे कुठल्या पुस्तकात नाही. माझ्याबरोबरच्या दोघांना ते मिळालं. दोघं हुशार होते, वाईट नव्हते. एकाची मावशी त्याच साहेबांकडं पीएच.डी. करून गेलेली. मी त्या वेळी बर्फ आणायला गेलेला असायचो.

साहेब कधी जातीचा शब्द बोलले नाहीत. ते म्हणायचे, ‘‘तुला फील्ड छान जमतं रे. लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात.’’ विश्वास! माझा काळा चेहरा आणि माझी डहाणूची बोली हे त्यांचं उपकरण होतं. सुईसारखं. विश्लेषण मात्र ज्यांचं मॅथ्स पक्कं त्यांनी करायचं. माझं मॅथ्स कच्चं आहे हे कुणी कधी तपासलं नव्हतं, ते आडनावावरून कळत असावं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जातीनं कामं वाटली नाहीत, कामकरी वाटून टाकले. लॅबला एसी लावला म्हणून त्यात फरक पडत नाही.

आणि हे पुढं कुठवर जातं ते आपण पाहिलंय. १७ जानेवारी २०१६, हैदराबाद, रोहित वेमुला. २२ मे २०१९, मुंबई, पायल तडवी. एक संशोधक, एक डॉक्टर. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पीएच.डी.ची पोरं आझाद मैदानात बसून होती. ज्या वयात प्रबंध लिहायचा त्या वयात घोषणा लिहायच्या! बरं, यावर सभ्य लोक म्हणतात, मेरिट आणा. मेरिट काय जीनमध्ये असतं का? १९७२ साली लेवॉन्टिन नावाच्या माणसानं मोजून दाखवलं की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत असतो, समूहासमूहांत उरतो तो किरकोळ. पण हे मोजणारे हात आपले नसले की आकडे कुणीही कसेही वळवतो.

एक गोष्ट अजून सलते. संस्थेत नवा होतो तेव्हा पुस्तकात वाचलं की सिकलसेलचा बदल सहाव्या जागी आहे. मी संगणकावर जीन उघडून बोटानं मोजलं. सातवा आला. पुन्हा मोजलं. सातवाच. साहेबांना विचारायचं धाडस झालं नाही. तीन आठवडे गप्प बसलो. मनात एकच, आपल्याला मोजतासुद्धा येत नाही. बापानं गँगमनकी करून शिकवलं आणि पोराला सातापर्यंत मोजता येत नाही.

आता मसोलीची खोली.

गेली दोन वर्षं दर शनिवारी मी विरारला गाडी बदलून डहाणू लोकल पकडतो. चाळीतली एक खोली, दोन जुने लॅपटॉप, त्यातल्या एकाचं ‘ई’चं बटण निघालेलं. पाच पोरं. दोन वारली पोरी, एक मांगेल्यांचा पोरगा, दोघं आपले. या विषयाचं सुख हे की लॅब लागत नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचलेली जीनची अक्षरं फुकट उघडी पडलीत. पायथन फुकट, आर फुकट. फुकट मिळत नाही तो शेजारी बसणारा माणूस.

तो माणूस व्हायला मला आलं नाही, हेही लिहितो. पहिले सहा महिने मी साहेबासारखाच बोललो. फळ्यावर इंग्रजी, तोंडात इंग्रजी. दोन पोरं गळाली. एक आता बोईसरला कारखान्यात पाळ्या करतो, त्याचा दोष माझ्या नावावर. एक वारली पोरगी दिवाळीनंतर येईना. मला वाटलं, कंटाळली. तिचं घर वीटभट्टीवर गेलेलं. ती पावसाच्या तोंडावर परत आली आणि म्हणाली, दादा, ते लूपचं राहिलंय ना, तिथून सुरू करू. भट्टीवर तिनं मोबाईलवर काय काय करून पाहिलेलं. वेळापत्रक आपलं आणि भट्टी मुकादमाची, हे ज्याला कळत नाही त्यानं डहाणूत मार्गदर्शन करायला येऊ नये.

तर एका शनिवारी मी एचबीबीची सुरुवात कागदावर काढून दिली. एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. म्हटलं, शोधा, ते अक्षर कुठं बदलतं. पोरं पेन्सिलीनं रेघा मारायला लागली. भट्टीवरून आलेल्या त्या पोरीनं मान वर केली.

‘‘दादा, पुस्तक चुकलंय. सातवं आहे.’’

अशी म्हणाली! मी चुकले नाही, पुस्तक चुकलंय.

मी तिला सांगितलं ते असं. पहिला शब्द एटीजी, त्यातून मेथिओनिन येतं. प्रथिन तयार होताना ते पहिलं मेथिओनिन कापून टाकलं जातं. शास्त्रज्ञांनी आधी प्रथिन वाचलं, १९५६-५७ साली इंग्रमनं. जीन वाचायची विद्या नंतर आली. म्हणून जुनी मोजणी सहा. जीनवरून मोजलं की सात, आणि आजच्या नव्या पद्धतीच्या नावात सातच लिहितात. तू बरोबर, पुस्तकही त्याच्या परीनं बरोबर.

तिनं विचारलं, ‘‘मग पहिला कापला, हे पुस्तकानं का नाही सांगितलं?’’

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण माझे ते तीन आठवडे त्या दिवशी संपले.

पुढच्या शनिवारी दुसरा प्रश्न. ‘१००० जीनोम’ नावाचा जागतिक संच आम्ही उघडला. २,५०४ माणसं, २६ समूह. पोरं म्हणाली, यात आपलं कोण? बघितलं तर दक्षिण आशियाचे पाच गट: ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली. खोलीत हशा पिकला. भारताचं रक्त घ्यायला साले टेक्सासला गेले! महाराष्ट्रातला एक गट नाही. वारली, कातकरी, कोकणा, कुणी नाही. आता आपलं ‘जीनोम इंडिया’ आलंय, दहा हजार माणसांचं. जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाल्याचं जाहीर झालं. चांगली गोष्ट. पण तिथं प्रकल्प लिहून अर्ज करावा लागतो. प्रकल्प लिहायला कोण शिकवतो? ते पुन्हा सहानंतरच्या चहावर.

कुणी म्हणेल, पोरांना शिकवून काय फरक पडणार, रक्त तर जाणारच. त्यांना अमेरिकेतल्या हवासुपाईंची गोष्ट सांगतो. ॲरिझोनातली छोटी आदिवासी जमात. १९९० पासून तिथल्या विद्यापीठानं त्यांचं रक्त घेतलं, मधुमेहाचा अभ्यास म्हणून. नंतर तेच रक्त स्किझोफ्रेनियावर वापरलं, तुमचे पूर्वज कुठून आले त्यावर वापरलं. जमातीला पत्ता नाही. कळलं कसं? २००३ साली विद्यापीठात एका विद्यार्थ्याचं पीएच.डी.चं सादरीकरण होतं. त्या खोलीत जमातीतली शिकलेली मुलगी बसली होती, कार्लेटा तिलूसी. ती उठली आणि विचारलं, या वापराची परवानगी घेतली होती का? कोर्टात गेलं प्रकरण. २०१० साली विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि रक्त परत केलं. त्यांनी ते घरी नेलं. एक पोरगी त्या खोलीत बसलेली होती, दोस्तांनो. खोलीबाहेर मोर्चा नव्हता.

आणि हे वाचून ‘बरोबर, बरोबर’ म्हणून माना डोलावणाऱ्या आपल्या मंडळींनो, आता तुमच्याकडं वळतो. शिव्या राहिल्यात त्या इथल्या आहेत.

आपल्याकडं दर गल्लीत तीन कवी आहेत. माझा कवितेला विरोध नाही, मीही पाडल्यात. पण स्टॅटिस्टिक्स म्हटलं की आपला कार्यकर्ता बिडी प्यायला बाहेर जातो. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीला माईकवर वाचतो, आणि १९२३ चा रुपयावरचा त्यांचा ग्रंथ किती जणांनी उघडलाय? आकड्यांनी भरलाय तो. ९ मे १९१६ ला पंचवीस वर्षांचा हा माणूस कोलंबियात गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात उभा राहिला आणि सांगितलं की जातीचं मूळ आपापसातच लग्न लावण्याच्या बंदोबस्तात आहे. शंभर वर्षांनी, २०१६ साली, कल्याणीच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीनोम मोजून लिहिलं की सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी भारतात समूहांची आपसातली सरमिसळ थांबली, जो तो आपल्यातच लग्न करू लागला. १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळावर लिहिताना बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापाचे तक्ते सवर्ण विद्वानांच्या पुस्तकातून उचलले आणि त्याच तक्त्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आकडे त्यांचे, वाचन आमचं. हे आपलं घराणं! आणि आपण म्हणतो जीनबिन आपला विषय नाही?

बाबासाहेबांनाही कुणीतरी शेजारी बसलं होतं. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या पोराला बुद्धाचं चरित्र देणारे केळुस्कर गुरुजी. त्यांनीच पुढं सयाजीरावांच्या दारापर्यंत नेलं. मग कोलंबियात सेलिग्मन. वाघ एकटा जन्मला असं भाषणात बरं वाटतं. खरं नाही.

आपल्यातले जे आयआयटीत पोचले, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पोचले, बंगळुरूला, बॉस्टनला पोचले, त्यातले काही जण आडनाव बदलून बसलेत. मला त्यांचा राग येत नाही, तिथं आडनाव सांगून जगणं काय असतं ते मी भोगलंय. पण शनिवारचे दोन तास? त्याला आडनाव लागत नाही. शिफारसपत्र लिहायला, एखाद्या पोरीचा प्रोग्रॅम का अडला ते फोनवर बघायला, ‘हा कोर्स नको, तो कर’ एवढं सांगायला? हे उपकार म्हणून नका करू. तुमच्यासाठी कुणीतरी मोर्च्यात डोकं फोडून घेतलंय, त्याची उधारी आहे ती.

आणि संस्थावाल्यांना एकच. डहाणू-तलासरीतून नमुना नेणार असाल तर इथलं एक पोर संगणकापुढं बसवा. बर्फाच्या पेटीला नव्हे, संगणकापुढं. त्याचं नाव वर, लेखकांत. पाड्यावर परत या आणि काय निघालं ते सांगा. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीतच आहे की संमती लोकांना कळेल अशा भाषेत घ्यायची आणि आदिवासींसारख्या समूहांना जादा जपायचं. मी काही क्रांतीची मागणी करत नाही. तुमचाच कागद तुम्हाला वाचून दाखवतोय.

भातकापणी उरकली की आम्ही पाच-सहा जण त्या पाड्यावर जाणार आहोत. हे त्या पोरीनंच काढलं. तिला मी म्हातारीची गोष्ट सांगितली तशी म्हणाली, नाव काय तिचं? मला आठवेना. माझ्या जुन्या वहीत नमुना क्रमांक आहे, नाव नाही. नावांची यादी संस्थेच्या कुलुपात, आणि ते नियमानं बरोबरच आहे. मी म्हटलं, नाव नाही, तिचा निकालही आपल्या हातात नाही, जाऊन सांगणार काय? पोरगी म्हणाली, पेपरात काय लिहिलंय ते सांगू, आणि तिला पाहिजे असेल तर तिची तपासणी पुन्हा करायला घेऊन येऊ. ओटा आठवतो ना?

ओटा आठवतो.

ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी सकाळच्या लोकलनं डहाणू रोडला उतरावं, तिथून मसोली कुणीही दाखवेल. डबा आपला आपण आणावा. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर घेऊन या. ‘ई’चं बटण असलेला.